मदत हवी आहे: मायकल जॅक्सनच्या व्हिडिओंची जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकावर कशी घ्यावी? (मुंबई)

नमस्कार मंडळी,

लालबागच्या आमच्या चाळीचं रीडेव्हलपमेंट सुरू होतंय, खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. माळा आवरताना दादाच्या दोन व्हिडिओ कॅसेट सापडल्या. दोन्हींसाठी जाणकारांची मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहिते.

पहिली कॅसेट ओरिजनल आहे, 'डेंजरस: द शॉर्ट फिल्म्स', १९९३ साली निघालेली. दादाच्या मित्राने दुबईहून आणून दिली होती. दुसरी ई-१८०, तीन तासांची, घरी भरलेली. केबलवर एमटीव्ही आणि चॅनल व्ही दिसायचे त्या काळात दादाने जागून जागून भरलेली गाणी तिच्यात आहेत. शिवाय १९९६ साली मायकल जॅक्सन मुंबईत आला तेव्हाच्या बातम्यांचे तुकडे. विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून त्याचं औक्षण करते, तेही त्यात आहे. १ नोव्हेंबरला अंधेरीच्या क्रीडा संकुलात कार्यक्रम झाला, त्या गर्दीत दादा होता. परत आल्यावर आठवडाभर त्याचा घसा बसलेला होता.

'यूट्यूबवर सगळं आहे की' हे घरात सगळ्यांनी सांगून झालंय. गाणी आहेत, मान्य. पण ही ओरिजनल कॅसेट म्हणजे नुसती एकामागून एक गाणी नाहीत. दोन गाण्यांच्या मध्ये तालमी आहेत, सेटवरचं चित्रण आहे, बातम्यांचे आणि समारंभांचे तुकडे आहेत. 'जॅम'मध्ये बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनला जॅक्सन पायांची हालचाल शिकवतो. 'ब्लॅक ऑर व्हाइट'मध्ये भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध तो एका ओडिसी नर्तिकेबरोबर नाचतो. आई स्वयंपाकघरातून तेवढ्यासाठी बाहेर यायची. 'रिमेंबर द टाइम'मधला इजिप्तच्या दरबारातला समूहनाच दादाने याच कॅसेटवरून बसवला आणि चाळीच्या गणपतीत पोरांकडून करून घेतला. पॉज करायचा, दोन पावलं मागे, पुन्हा पॉज. त्या जागी टेप इतकी झिजलीय की चित्राच्या खालच्या भागात पांढऱ्या रेघांचा पट्टा येतो आणि नाच संपेपर्यंत तिथेच थरथरत राहतो.

आता दादाची मुलगी नाच शिकतेय. यंदाचा गणपती चाळीतला शेवटचा, तेव्हा तोच नाच बसवायचं तिच्या मनात आहे. तिने तो बाबांच्या कॅसेटवरून शिकावा अशी माझी फार इच्छा आहे.

अडचणी अशा:

ओरिजनल कॅसेट मी एका दुकानात संगणकावर उतरवायला दिली. मिळालेल्या फाइलमध्ये चित्र दर काही सेकंदांनी भगभगीत उजळतं, मग काळवंडतं, मध्येच रंग जातात. दुकानदार म्हणाला, टेप खराब झालीय, काही होणार नाही. पण शेजारच्या काकांचा व्हीसीआर थेट टीव्हीला जोडून तीच कॅसेट लावली तर चित्र व्यवस्थित दिसतं, तो झिजलेला भाग सोडून. हे कसं काय?

घरी भरलेल्या कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरट ठिपके आहेत, पावडर पडल्यासारखे. ती मी अजून कुठेही लावलेली नाही. लावू का?

मला आधी ओरिजनल वाचवायची आहे. मुंबईत हे काम नीट कुठे आणि कसं होतं?

कुर्लेकर

ताई, यूट्यूबवर जॅक्सनच्या अधिकृत चॅनलवर ही गाणी चांगल्या प्रतीत आहेत. गणपती तोंडावर आलेत, मुलीची तालीम त्यावर सुरू करून द्या. कॅसेटचं काम सावकाश होऊ दे.

रिवाइंड

तुमची ओरिजनल टेप खराब झालेली नाही. तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे: टीव्हीवर नीट, संगणकावर उजेड-अंधार. हे मॅक्रोव्हिजन आहे. विकायच्या कॅसेटची कुणी दुसऱ्या व्हीसीआरवर कॉपी करू नये म्हणून कंपन्या हे घालत असत. चित्राच्या वर, पडद्यावर न दिसणाऱ्या ज्या रेषा असतात, त्यांत जादा पल्स, म्हणजे सिग्नलचे ठोके, टाकलेले असतात. टीव्ही तिकडे लक्ष देत नाही. रेकॉर्ड करणारं यंत्र मात्र सिग्नलची पातळी आपोआप सांभाळत असतं. त्या पल्समुळे ते फसतं आणि चित्र वरखाली करत बसतं. व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर कार्डही तसंच फसतं. दुकानदाराला कदाचित हे ठाऊकच नसेल. आता हे काम रोज करणारे उरलेत किती?

काम करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे टीबीसी, म्हणजे टाइम बेस करेक्टर आहे का? पूर्ण फ्रेमचा टीबीसी सिग्नल नव्याने बांधून देतो, त्यात हे पल्स बहुधा उरत नाहीत आणि चित्राची थरथरही कमी होते. लग्नाच्या जुन्या कॅसेट उतरवून देणाऱ्या जुन्या स्टुडिओंकडे तो अजून सापडतो. घरच्या घरी बघण्यापुरतीच कॉपी ठेवा, कुठे अपलोड करू नका. हक्क कंपनीचेच आहेत.

नाच शिकायचा आहे म्हणून मुद्दाम सांगतो. पाल (पीएएल, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) व्हीएचएसमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असल्या तरी प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची बनलेली असते. सेकंदाला ५० फील्ड. बहुतेक दुकानं दोन फील्ड एकत्र करून २५ फ्रेमची फाइल देतात, मग जलद हालचालीत पावलांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात किंवा पाऊल पुसट होतं. त्यांना सांगा, डीइंटरलेस करताना, म्हणजे फील्डची पूर्ण चित्रं बनवताना, ५० फ्रेम ठेवा. फरक पहिल्याच गिरकीत कळेल. शिवाय कच्ची फाइल मागून घ्या. डीव्ही फॉरमॅटमध्ये तासाला साधारण १३ जीबी होते, पेन ड्राइव्ह मोठा न्या.

झिजलेल्या भागाचं कारण म्हणजे तो पॉजच. पॉज केला की टेप थांबते, पण हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, ड्रम फिरतच असतो, पालमध्ये मिनिटाला १५०० वेळा, त्याच एका जागेवर. तिथलं चित्र परत येणार नाही.

लालबागची (धागाकर्ती)

रिवाइंड, किती आभार मानू! टेप चांगली आहे हे वाचूनच दादाला फोन केला. टीबीसीचं विचारते. दुसऱ्या कॅसेटबद्दल कुणी सांगेल का?

जुना डेक

ती कॅसेट अजिबात लावू नका. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. मुंबईच्या हवेत माळ्यावर ठेवलेल्या दहातल्या कितीतरी कॅसेटना ती लागतेच. लावली तर तीन गोष्टी होतात: हेड भरतो, चिकटलेले वेढे उलगडताना टेप फाटू शकते आणि त्याच व्हीसीआरमध्ये नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही बुरशीचे कण लागतात. काकांच्या व्हीसीआरजवळ ती नेऊच नका.

आत्ता एवढंच करा: हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उभी ठेवा, ओरिजनलपासून वेगळी. जेल ओलं झालं की बदला. कोरडेपणात बुरशी मरत नाही, पण वाढायची थांबते आणि वाळून सुटी होते. साफसफाई पावसाळ्यात काढू नका. दिवाळी उलटल्यावर हवा कोरडी होते तेव्हा करा, नाहीतर एकीकडे पुसाल आणि दुसरीकडे दमट हवा पुन्हा आत जाईल.

साफसफाई म्हणजे कॅसेटचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं चांगल्या रिकाम्या खोळीत घालायची आणि टेप सावकाश गुंडाळत धागे न सुटणाऱ्या मऊ कापडातून न्यायची. यासाठी बळी द्यायचा म्हणून एक जुना डेक, म्हणजे व्हीसीआर, वेगळा ठेवतात. तोंडाला मास्क हवाच, ती पावडर छातीत जाणं चांगलं नाही. सवय नसेल तर स्वतः करू नका, टेप एकदा चुरगळली की तो भाग गेला. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतलं प्रत्येक यंत्र जपायला हवं.

आणि एक मनापासून. तुम्ही आधी ओरिजनल वाचवू म्हणताय, मी उलट म्हणेन. ओरिजनल जगात हजारो घरांत आहे, तिची डीव्हीडीही निघाली होती. १९९६ च्या बातम्यांचे ते तुकडे मात्र कदाचित फक्त तुमच्याच कॅसेटवर असतील. त्या काळच्या केबलवरचं फारसं काही कुणी जपून ठेवलेलं नाही. हाताशी पैसे मर्यादित असतील तर या कॅसेटवर खर्च करा.

फोर्टकर

डीव्हीडीचा विषय निघालाच आहे म्हणून. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान २०१६ मध्येच बंद झालं, तिथे हमखास मिळाली असती. आता चोर बाजारात मटन स्ट्रीटला शुक्रवार सोडून चक्कर मारा, जुन्या डीव्हीडींचे गठ्ठे असतात. नशिबावर आहे. पाकिटावर पाल की एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत) आणि रीजन (डिस्क कोणत्या देशांसाठी आहे) काय ते बघून घ्या. भारताचा रीजन ५. २०१० साली निघालेला 'व्हिजन' हा तीन डिस्कचा संच मिळाला तरी सोडू नका. त्यात त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली गाणी आहेत, पण तुम्ही म्हणता तसे मधले तालमींचे तुकडे त्यात मिळणार नाहीत. यंत्रासाठी लॅमिंग्टन रोड. तिथे जुने डेक दुरुस्त करणारे थोडे आहेत, कॅसेट सोबत नेऊन समोर लावून दाखवायला सांगा.

लालबागची (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना डेक, तुमचं म्हणणं पटलं. दादालाही वाचून दाखवलं, तो म्हणाला, बातम्यांची कॅसेट आधी. ती सिलिका जेलसह डब्यात बंद केली आहे, साफसफाई दिवाळीनंतर. ओरिजनलसाठी गिरगावात एक जुना स्टुडिओ सापडला. त्यांच्याकडे टीबीसी आहे आणि ५० फ्रेमचं सांगितल्यावर त्यांनी कारण न विचारता लिहून घेतलं, त्यावरून माणूस जाणकार वाटला. शनिवारी दादा आणि मुलगी कॅसेट घेऊन जाताहेत. तोवर ती अधिकृत चॅनलवरूनच सराव करतेय.

एक प्रश्न राहिला: काकांच्या व्हीसीआरचा हेड साफ करायचा आहे, कापूस वापरू का?

जुना डेक

कापूस नको, तंतू हेडला अडकतात. शॅमॉय चामड्याचा तुकडा किंवा धागे न सुटणारं कापड घ्या, त्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापड ड्रमला हलकं टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने वरून ड्रम फिरवा. हात आडवाच, वरखाली कधीही नाही, हेड मोडतो. पूर्ण सुकू द्या, मगच कॅसेट घाला.