पर्ड्यू विद्यापीठ (अमेरिका): इंजिनिअरिंग सोडून कम्युनिकेशन घेऊ का?

नीरजा_प: पहिल्या वर्षाला आहे. 'कॉम 114', म्हणजे स्पीच कम्युनिकेशनचा पायाभूत कोर्स घेतला आणि त्यातच रमले. आई म्हणते, बोलायला काय शिकायचं? पुढे नक्की काय शिकवतात?

सुहास_दादा: नीरजा, मी याच विषयात पदवी घेतली. भाषणं सुरुवातीलाच जास्त. पुढे अ‍ॅरिस्टॉटलचं वक्तृत्वशास्त्र, गटातला संवाद, संशोधनपद्धती येतात. वाचन भरपूर.

आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धेतलं 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' असं पाठांतर मात्र विसर. कार्डावर चार मुद्दे आणि नजर समोर. मला सगळ्यात उपयोगी पडली ती पर्ड्यूच्याच अ‍ॅलन मन्रो यांनी 1930 च्या दशकात मांडलेली रचना: लक्ष वेधा, गरज दाखवा, उपाय सांगा, त्याने काय बदलेल ते डोळ्यांसमोर उभं करा, मग कृती. रक्तदानावर बोलताना नुसतं 'रक्तदान करा' म्हणून खाली बसायचं नाही. शिबिर कुठल्या खोलीत, किती वाजता, नाव कुठे नोंदवायचं, हेही सांगायचं. आईला एकदा तुझं भाषण ऐकव, खरंच.

मेधा_मावशी: विषय छानच गं, पण एफ-1, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर असशील तर आधी हे बघ. पदवीनंतर 12 महिने काम करता येतं. वरचे 24 महिने फक्त 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतल्या पदव्यांना. कम्युनिकेशनच्या बहुतेक पदव्या त्यात नाहीत.

नीरजा_प: व्हिसाचं लक्षातच आलं नव्हतं. उद्याच सल्लागारांना भेटते. इंजिनिअरिंग ठेवून कम्युनिकेशन मायनर, म्हणजे जोडविषय म्हणून जमेल का, तेही विचारते.