सी ड्राइव्ह भरला म्हणून विंडोजवरच कुऱ्हाड?

जुनंखोड: काल एका महाशयांनी सल्ला ठोकला: ‘सी ड्राइव्ह लाल झालाय? विनएसएक्सएस फोल्डर उडवा, १० जीबी मोकळे.’ अहो, विंडोज आपले सुटे भाग तिथेच ठेवतं, अपडेटलाही तेच लागतात. डोकं सटकलं म्हणून लिहितोय. त्यातल्या बऱ्याचशा फायली हार्ड लिंक असतात, म्हणजे फाइल एकच, नावं दोन ठिकाणी; एक्सप्लोरर त्याच दोनदा मोजतो. दिसतात तेवढे जीबी तिथे नसतातच! डिस्क क्लीनअप उघडा, ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबा, ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर खूण करा. वेळ खाईल, खाऊ द्या.

घिसाडघाई: ते महाशय मीच. फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतली, निम्मा उडवला, मशीन अजून चालतंय. पुस्तकी ज्ञान तुम्हालाच लखलाभ.

जुनंखोड: पुढचा अपडेट येऊ दे, मग बोलू.

नाशिककर: भांडा निवांत. मी हायबरनेट (रॅममधलं काम डिस्कवर ठेवून मशीन झोपवायची सोय) बंद केलं, १६ जीबी रॅमवर सहाएक जीबी सुटले. फास्ट स्टार्टअप गेलं, पण तेवढ्यात माझा चहा होतो.

पोहेवाला: मुळात जागा देतात कुठे? २५६ जीबीची एसएसडी डिस्क घेतली, दिसतात २३८. दुकानदाराशी भांडून आलो.

जुनंखोड: बिचाऱ्याची माफी मागा. कंपनी हजार एमबीचा जीबी मोजते, विंडोज १०२४चा. १ टीबीचे ९३१ दिसतात ते त्यामुळेच.

पोहेवाला: उद्या दूधवाल्याने लिटरला ९३१ मिली घातलं तर हेच गणित ऐकून घ्याल?

मॅकवाली: माप दूधवाल्याचं बरोबरच आहे, तुमचं पातेलं खोटं बोलतंय. मॅक २००९पासून हजारानेच मोजतो.

पोहेवाला: आल्या! किडनी विकून मॅक घेतलेल्यांनी मापावर बोलू नये.

बारशाची_आई: तुमचं दूध नासो. मी लेकीच्या बारशाचे फोटो लॅपटॉपवरून उडवले, क्लाउडवर आहेत म्हणून. फोल्डर सिंक होता, तिकडूनही गेले! क्लाउडच्या कचरापेटीत सापडले, तेही मुदत संपायला चार दिवस असताना. सासूबाई अजून टोमणे मारतात. उजवी टिचकी मारून ‘फ्री अप स्पेस’ करायचं असतं, डिलीट नव्हे.

नाशिककर: बाई, हे आधी सांगायचं. मी आत्ताच डिलीट दाबून आलोय.

घिसाडघाई: बरं, कालचा सल्ला मागे घेतो. पण अपडेट सकाळपासून ३१ टक्क्यांवर अडकलाय त्याचा त्या फोल्डरशी संबंध आहे, हे मी मान्य केलेलं नाही.

जुनंखोड: नका करू. विंडोज नव्याने टाकायला पेनड्राइव्ह शोधा, ८ जीबीचा तरी.

पोहेवाला: ८चा म्हणजे दिसणारा की छापलेला?