मदत हवी आहे: तानपुऱ्यासाठी छोटा ट्यूनर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

तानपुरा लावताना हाताशी असावा म्हणून खिशात मावेल असा ट्यूनर घ्यायचा आहे. दुकानात गेलं की गिटारवाल्यांना देतात तोच पुढे करतात आणि नेटवरची परीक्षणंही सगळी गिटारचीच. म्हणून इथे विचारतोय.

वाद्य मिरजेचं, चार तारांचा पुरुषी तानपुरा. माझा स्वर काळी एक, म्हणजे सी शार्प. लेक व्हायोलिन शिकते, पाश्चात्त्य पद्धतीचं, जी-डी-ए-ई. तिलाही तोच ट्यूनर चालला तर दुधात साखर.

तानपुरा कानाने लावता येतो. घरी निवांत असलो की काही अडत नाही. पण बैठकीला शेजारी तबलजी हातोडी घेऊन बसलेले, कुणीतरी पेटीवर बोटं फिरवतंय, मागे चहाचे कप वाजतायत, अशा गोंगाटात पंचम लागला की नाही हेच कळेनासं होतं. फोनवर अ‍ॅप आहे. जोडीच्या (मधल्या दोन, षड्जाच्या) तारा ते नीट ओळखतं, खर्जाला (खालच्या षड्जाच्या जाड तारेला) मात्र नुसतं भिरभिरत राहतं. शिवाय रियाजाला त्याच फोनवर तबला लावलेला असतो.

मित्राचा क्लिपवाला ट्यूनर खुंटीजवळ अडकवून पाहिला. जोड छेडली की सी शार्प आणि हिरवा दिवा. खर्ज छेडला की आधी सी शार्प, मग जवारी (घोडीवर तारेला येणारा झंकार) खुलायला लागली की मध्येच जी शार्प, आणि एकदोनदा तर चक्क एफ! तोही काटा मध्याच्या डावीकडे, म्हणजे उतरलेला. कानाला तर तार बिनचूक वाटत होती. बिघडलंय कोण, यंत्र की मी?

आणखी एक. आमच्या साथीदारांची पेटी ४४० हर्ट्झच्या (ए या स्वराची नेहमीची पातळी) जराशी वर आहे. मित्राच्या ट्यूनरवर ४४० बदलायची सोय काही सापडली नाही.

डोक्यात सध्या कॉर्गचा सीए-२ आहे, म्हणजे हातात धरायचा. नाहीतर टीएम-६०, त्यात मेट्रोनोमही मिळतो. नाहीतर सरळ एखादा क्लिपवाला. बजेट दीड हजार. पीटरसनचा स्ट्रोब क्लिप त्यात बसत नाही, पण खरंच गरज असेल तर थांबून घेईन. तानपुऱ्याला ट्यूनर लावणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

तीव्रमध्यम:

दादा, यंत्र ठीक आहे आणि तुम्हीही ठीक आहात. तो एफ म्हणजे तुमचा स्वयंभू गंधार!

काळी एकचा खर्ज म्हणजे ६९.३ हर्ट्झ. त्याची पाचपट ३४६.५. खर्जाच्या तारेत हा पाचवा उपस्वर आपोआप असतोच, जवारी चांगली असेल तर ठळक ऐकू येतो. आता ट्यूनरच्या पोटात सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यातला एफ ३४९.२चा. फरक साधारण १४ सेंट (अशा एका तुकड्याचे शंभर सेंट). म्हणून काटा डावीकडे. मध्येच दिसणारा जी शार्प म्हणजे तिसरा उपस्वर, तुमचा पंचम. यंत्राला मूळ स्वरापेक्षा उपस्वर मोठे ऐकू आले की ते गोंधळतं. तुमची जवारी उत्तम आहे एवढाच याचा अर्थ.

फोनचं कारण वेगळं. फोनचा मायक बोलण्यासाठी बनवलेला, ७० हर्ट्झच्या आसपास तो बराच बहिरा असतो.

मी काय करतो ते सांगतो. जवारीचा दोरा आधी बाजूला सरकवतो, म्हणजे आवाज साधा होतो. खर्ज जोरात छेडायचा नाही. जोरात छेडला की स्वर सुरुवातीला चढा येतो आणि मग खाली बसतो, त्यामुळे काटा स्थिरावल्यावरच बघायचं. तरीही ऐकत नसेल तर तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकं टेकवून छेडायचं आणि लगेच उचलायचं. वरच्या सप्तकातला षड्ज वाजतो, १३८.६चा, आणि तो कुठलाही ट्यूनर पटकन पकडतो. सगळं जुळलं की दोरा परत घालायचा. दोऱ्याने स्वर किंचित हलतो, तो मण्याने भरून काढायचा. तेव्हा पडद्याकडे बघू नका, कानानेच करा.

आकारमात्रिक:

कान तयार करा हो. आज लावायला मशीन, उद्या गायला मशीन.

धागाकर्ता:

काका, पेटीशी एकदा षड्ज जुळला की पुढचं कानानेच करायचं आहे. शंभर माणसांच्या कलकलाटात तो पहिला षड्ज शोधणं हीच अडचण आहे.

तीव्रमध्यम, मनापासून आभार. आता मुद्दाम जवारी उघडून तो एफ बघत बसलोय. बायको म्हणते, रियाज केव्हा?

पितळी_तार:

क्लिपवालाच घ्या. सीए-२ वाईट नाही, त्याचा आवाका अगदी २७.५ हर्ट्झपर्यंत खाली जातो आणि ४४०च्या जागी ४१० ते ४८०पर्यंत काहीही ठेवता येतं. पण तो हवेतून ऐकतो. शेजारच्या तबल्याचा स्वर तो तुमचा म्हणून दाखवणार. क्लिपमध्ये पिएझो असतो, तो लाकडाची थरथर वाचतो, त्यामुळे खोलीत कितीही गोंधळ असू दे. टीएम-६०चं तेच. त्याला चिमट्याचा मायक जोडता येतो खरा, पण मग वायर सांभाळा. बैठकीत तानपुऱ्यावरून वायर लोंबकळलेली बघवत नाही, हे माझं वैयक्तिक मत.

फक्त घेताना क्रोमॅटिक, म्हणजे बाराही स्वर ओळखणारा, आहे ना, ते बघा. नुसत्या गिटारच्या मोडमध्ये काळी एक सापडणार नाही. आणि कॅलिब्रेशनचं, म्हणजे ४४० बदलायचं, बटण हवंच. स्वस्तातल्या काही क्लिपवर ते नसतं, किंवा असतं पण किती ठेवलंय तो आकडा पडद्यावर दिसत नाही. आकडा दिसणाराच घ्या. पेटी किती वर आहे ते काढायला ट्यूनर ४४०वर ठेवून पेटीचा मधला ए, म्हणजे पांढरी सहा, वाजवा. काटा आठ सेंट उजवीकडे गेला तर पेटी ४४२ची. दर हर्ट्झला साधारण चार सेंट, असा हिशेब. क्लिपला मायकचाही मोड असेल तर उत्तम, नाहीतर क्लिप पेटीच्या लाकडाला चिकटवून धरा.

स्ट्रोबच्या मागे लागू नका. ०.१ सेंटपर्यंतची अचूकता गिटार सेट करणाऱ्या कारागिराच्या कामाची. तानपुऱ्याची तार छेडल्यापासून विरेपर्यंत त्याहून कितीतरी जास्त हलते.

तीव्रमध्यम:

सहमत. आणि एक भर: ट्यूनरवर फक्त जोड आणि खर्ज लावा. पंचम कानाने. यंत्राचा पंचम ७०० सेंटचा, आपला ७०२चा. दोन सेंट म्हणजे काही नाही असं वाटतं, पण तानपुऱ्यात तो फरक संथ ठोक्यासारखा ऐकू येत राहतो. मारवा-पुरियासाठी निषाद लावणार असाल तर मग यंत्र बंदच करा, तिथे फरक १२ सेंटच्या आसपास जातो.

गजाची_बाजू:

लेकीच्या व्हायोलिनबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मी लहान मुलांना शिकवते. क्रोमॅटिक क्लिप व्हायोलिनला मस्त चालते, खुंट्यांच्या पेटीवर किंवा वरच्या गुंडाळीवर लावायची. दोन वाद्यांत एक ट्यूनर चालेल, पण भांडणं होतील! क्लिपच्या जबड्याला रबर आहे ना ते तपासा, नुसत्या प्लॅस्टिकने पॉलिशला ओरखडे पडतात. मिरजेच्या जुन्या तानपुऱ्यावर नक्षी असेल तर तिच्यावर लावूच नका. आणि लेकीला सांगा, मोठ्या खुंट्या तुम्ही फिरवायच्या, तिने फक्त शेपटीकडचे बारीक स्क्रू. ई तार तुटली की मुलं घाबरतात.

घरात अगदी लहान मूल असेल तर अजून एक. बऱ्याच क्लिपमध्ये सीआर२०३२चा गोल सेल असतो. तो गिळला गेला तर फार धोकादायक. स्क्रूने बंद होणारं झाकण असलेला किंवा चार्जिंगवाला बघा.

धागाकर्ता:

ताई, धाकटा दोन वर्षांचा आहे, त्यामुळे चार्जिंगवालाच बघतो. दुकानात जाऊन क्रोमॅटिक, आकडा दिसणारं कॅलिब्रेशन आणि रबर एवढं तपासून घेईन. पेटी मोजली, काटा सातआठ सेंट उजवीकडे. म्हणजे ४४२ धरू ना? क्लिप नेमकी कुठे लावायची, खुंटीवर की दांडीवर?

पितळी_तार:

हो, ४४२. क्लिप ज्या तारेची खुंटी त्याच खुंटीवर लावून बघा, तिथे थरथर जास्त मिळते. खुंटी जाड असेल आणि जबडा पुरत नसेल तर डोक्याच्या कडेला. दांडीच्या मधोमध नको, हात अडखळतो. आणि बैठकीला बसण्याआधी आकडा एकदा बघून घेत जा. पिशवीत बटण दाबलं जातं आणि ४४२चं ४३८ झालेलं असतं.