वादविवादात पोरगी पलटवाराच्या वेळी अडकते, काय करावं?

प्रश्न (दर्यापूरकडून): पोरगी नववीत हाय. पाठ केलेलं भाषण फाडफाड म्हणते, पण समोरच्यानं मुद्दा खोडला की वहीच पायत रायते. विषय 'वेगळा विदर्भ हवा का', ही 'हवा'च्या बाजूनं.

उत्तर १: ताई, आठ दिवस तिले 'नको'च्या बाजूनं बोलू द्या. १९५५ मध्ये राज्यायची फेररचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, हे ती सांगनच. समोरचा म्हणन, "विदर्भाले योग्य वाटा देऊन एकाच मराठी राज्यात घ्यायच्या १९५३ च्या नागपूर करारावर विदर्भातल्या पुढाऱ्यांच्याच सह्या हायेत." तिथंच पोरं गळपटतात. "सह्या झाल्या, करार पाळला का?" हे तिच्या तोंडून आलं पायजे, तुमच्या नाही. अन् ते 'व्यासपीठावरील मान्यवर' दोन मिनिटं घोळवनं बंद करा, वेळ तिथंच जातो.

उत्तर २: गाडगेबाबा कीर्तनात लोकायलेच प्रश्न विचारत. तसा एक प्रश्न टाकायचा, थांबायचं, मंग बोलायचं.

प्रश्नकर्ती: सर, 'नको'च्या बाजूनं काल बसवलं. तिच्या आबासंगच भांडली! पन घड्याळ कोन लावन? आबा तर थांबतच नाही.

उत्तर १: मोबाईलवर तीन मिनिटं लावा. आबालेही तोच नियम.