ट्यूमर सप्रेसर प्रोटीनला मराठीत काय म्हणावं?

लिंबलोण: मेन-१ या आनुवंशिक आजारावरचं पत्रक रुग्णांच्या घरच्यांसाठी मराठीत करतेय. यात पॅराथायरॉइड, पिट्युटरी या ग्रंथी, स्वादुपिंड अशा ठिकाणी गाठी होतात, काही कर्करोगाच्या. सुरुवात बहुधा रक्तात वाढलेल्या कॅल्शियमने, मुतखड्याने. ११व्या गुणसूत्रावरच्या जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असते. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की तिथे मेनिन हे प्रथिन उरत नाही आणि पेशी बेसुमार वाढते. अशा गाठ रोखणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे ट्यूमर सप्रेसरला, मी 'अर्बुददमनक प्रथिन' लिहिलं. कच्चा मजकूर वाचून एका काकूंनी विचारलं, "हे कुठल्या डाळीत जास्त असतं?"

खडूफळा: काकूंचं काय चुकलं? प्रथिनं म्हणजे डाळ-उसळ हे आपणच शाळेत घोकून घेतलं. 'गाठ रोखणारं प्रोटीन' लिहा, मोकळे व्हा.

आडवाट: मग लोक पावडरचा डबा आणतील! अर्बुद सोडू नका, गाठीसाठी सुश्रुतापासूनचा शब्द आहे. अबूच्या पहाडाचं जुनं नावही अर्बुदच.

खडूफळा: आणि जुन्या अंकगणितात दहा कोटी. काकू मोजत बसतील.

पेशीपाखरू: माझा आक्षेप 'दमन'वर आहे. स्वादुपिंडात मेनिन एमएलएल नावाच्या प्रथिनाला साथ देऊन पी२७, पी१८ ही पेशीविभाजन रोखणारी जनुकं चालू ठेवतं. म्हणजे करतं ते चालू ठेवायचं काम! उलट काही रक्ताच्या कर्करोगांत एमएलएलचं जनुक तुटून भलत्याच जनुकाला जुळतं, तिथे हेच मेनिन कर्करोगाला हात देतं. ती जोडी फोडणाऱ्या रेव्ह्युमेनिब या औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. आता म्हणा दमनक.

लिंबलोण: पत्रकात पुढे मेन-२ हा दुसरा आनुवंशिक आजार पण आहे. तिथे काय लिहू?

पेशीपाखरू: तिथे दमनक नाहीच. रेट जनुक सतत चालू राहतं, एक प्रत बिघडली तरी पुरते. म्हणून अशा घरांतल्या मुलांची थायरॉइड कर्करोग व्हायच्या आधीच काढतात. दोन्हींना एकच शब्द लावलात तर घोळ होईल. अपत्याला निम्मी शक्यता, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

आडवाट: आमची आजी मानेवरच्या गाठीला 'आवाळू' म्हणायची. आवळ्याएवढं ते आवाळू. अर्बुद नको तर हा घ्या, अस्सल मराठी.

खडूफळा: आवळ्याचा काय संबंध? आमच्याकडे नारळाएवढं असलं तरी आवाळूच.

आडवाट: 'आमच्याकडे' म्हणजे नक्की कुठे?