अनुभव धागा: मालिकेआधी शेजारच्या संघाला तुम्ही कसं जोखता?

शिकागोतला बेसबॉल म्हणजे निव्वळ भाऊबंदकी. शहर एक, मेट्रोची लाल लाइन एक. उत्तरेला ॲडिसनला उतरलात की रिग्ली फील्ड हे मैदान आणि त्यांचा संघ कब्ज (Cubs), दक्षिणेला पस्तिसाव्या रस्त्यावर उतरलात की दुसरा संघ, व्हाइट सॉक्स. मधल्या स्टेशनांवर दोन्ही टोप्या एकाच डब्यात, एकमेकींकडे न बघता.

मी इथे आले तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसात कब्ज-सॉक्स मालिकेवर पैज लागली. मी आयपीएलच्या सवयीने गुणतक्ता उघडला, बघितलं कोण वर कोण खाली, आणि बेधडक सांगून टाकलं, "सॉक्स? किरकोळ आहेत." शेजारच्या टेबलावरचे वयस्कर गृहस्थ नुसते हसले. पुढचा आठवडाभर मी सॉक्सची काळी टोपी घालून मीटिंगा केल्या.

नंतर त्यांनीच शिकवलं. तक्ता सांगतो संघ सहा महिन्यांत कसा आहे. तुला खेळायचं आहे शुक्रवार ते रविवार. प्रत्येक संघाकडे सुरुवात करणारे पाच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, ते पाळीपाळीने येतात. तीन सामन्यांत त्यातले तीनच भेटणार. कुठले तीन, हे आधी बघ. त्यांचा सगळ्यात भारी पिचर गुरुवारीच टाकून बसला असेल तर निम्मी लढाई फुकटात.

मालिका तोंडावर आली की तुम्ही काय बघता? अंदाज चुकला असेल तर तो आधी लिहा, बरोबर आलेले सगळेच सांगतात. इतर शहरांतल्यांनीही लिहा.

दक्षिणवाला

ताई, "किरकोळ" हा शब्द आम्ही वहीत लिहून ठेवलेला आहे.

२०२४ साली आमचे सॉक्स १२१ सामने हरले. एकोणिसाव्या शतकानंतर एका मोसमात इतके सामने कुणीच हरलेलं नाही. आधीचा विक्रम न्यूयॉर्क मेट्सचा होता, १९६२ सालचा, १२० पराभवांचा. म्हणजे त्या वर्षी आम्हाला जोखायला कुणी कागदपेन्सिल घ्यायची गरजच नव्हती. जूनमध्ये रिग्लीला गेलो तेव्हा आमचा संघ सलग हरत आला होता. माझ्यासोबत नाशिकहून आलेली आत्या. तिला बिचारीला वाटलं, भाचा मौजेला चाललाय. आजूबाजूचे कब्जवाले आमच्याकडे दहाव्याच्या जेवणाला आल्यासारखे बघत होते. फार गोड, फार समजूतदार. त्याहून शिवी परवडली.

आणि आमचे आघाडीवर की हो! कब्जवाल्यांचं बोलणं बंद. आत्याला काही कळत नव्हतं, पण शांतता तिलाही कळली. शेवटी नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये त्यांच्या माइक टॉकमनने होमरन ठोकला, चेंडू थेट कुंपणापलीकडे, आणि ७-६. हरलो. त्या वर्षी चारही सामने कब्जने घेतले हे खरं, पण त्यातले तीन एकेका धावेने. १२१ वेळा हरलेल्या संघाविरुद्ध! तेव्हापासून मी म्हणतो, शेजाऱ्याशी खेळताना खालचा संघ जरा वरच खेळतो. ह्याला आकडा नाही. मोजून दाखवा म्हणाल तर जमणार नाही.

जुनं उदाहरण हवं तर १९०६. दोन्ही शिकागोचेच संघ वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत. कब्ज त्या मोसमात ११६ सामने जिंकलेले आणि फक्त ३६ हरलेले. सॉक्सची फलंदाजी इतकी सुमार की "हिटलेस वंडर्स" हेच नाव पडलेलं. मालिका कुणी घेतली? ४-२, सॉक्स. तक्तावाल्यांनी ह्यावर बोलावं.

(पोप आमचे आहेत, हेही जाता जाता. २०२५ च्या मे महिन्यात लिओ चौदावे निवडून आले त्या दिवशी आधी बातमी फुटली की कब्जचे चाहते. त्यांच्या सख्ख्या भावाने टीव्हीवर येऊन दुरुस्त केलं. त्यानंतर दहा दिवसांत कब्जने आम्हाला तीन-शून्य धुतलं. देवाचा माणूस असून उपयोग झाला नाही.)

रिग्लीचा वारा

एवढं कशाला? सकाळी झेंडे बघा. स्कोअरबोर्डवरच्या काठ्यांना संघांचे झेंडे असतात, वारा तळ्याकडून (लेक मिशिगन) आत येतोय की बाहेर जातोय ते लगेच कळतं. मे महिन्यात थंडगार वारा आत येत असला की चांगला उंच मारलेला चेंडूही कुंपणाच्या अलीकडे मेल्यासारखा पडतो. तेव्हा समोरच्याचे ताकदवान फलंदाज निम्मे. वारा बाहेर असेल तर तुमचा पिचर कितीही नावाजलेला असो, देव तारी. बाकी सगळं फोल.

कराडची सून

माझा अनुभव सासऱ्यांचा आहे. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. २०२५ च्या उन्हाळ्यात सहा महिने आमच्याकडे राहिले. दुपारी एक वीसला कब्जचा सामना लागायचा, घरी ते एकटे, क्रिकेट ह्या वेळात काही नाही, म्हणून बघायला लागले. पहिले आठ दिवस "हे काय गोट्या खेळल्यासारखं" चाललं होतं. नवव्या दिवशी मला म्हणाले, "अगं, ह्यांच्यात ड्यूटीचार्ट असतो!"

बुलपेन, म्हणजे राखीव पिचरांचा ताफा, त्यांना असा सापडला. सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग टाकून गेला की मागून एकेक जण येतो, कुणी एक इनिंग टाकतो, कुणी त्याहूनही कमी, आणि लागोपाठ दोन दिवस टाकलेल्याला तिसऱ्या दिवशी शक्यतो बसवतात. अण्णांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाले, "मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला सकाळच्या पहिल्या फेरीला लावत नाहीत. लावला तर घाटात डुलकी काढतो."

मग कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या पानावर रेघा आखल्या. डाव्या बाजूला नावं, देवनागरीत, त्यांच्या कानाला जशी लागली तशी. वर वार. प्रत्येक चौकोनात किती चेंडू टाकले तो आकडा. पंचवीसच्या वर गेला की लाल पेनाने गोल. दोन दिवस लागोपाठ असेल तर बारीक अक्षरात "रजा द्यावी". सॉक्सचंही तसंच वेगळं पान. मालिकेच्या आदल्या रात्री दोन्ही पानं फ्रिजला चुंबकाने लावली आणि चहा घेत जाहीर केलं की कब्जचा डेपो ताजातवाना आहे, सॉक्सचे तीन ड्रायव्हर डबल ड्यूटीत आहेत, सामना कब्जचा.

जुलैतली ती पहिली मॅच सॉक्सने १२-५ अशी घेतली. आमच्याकडे त्या रात्री आमटीत मीठ जास्त झालं तरी कुणी बोललं नाही. अण्णा बराच वेळ फ्रिजसमोर उभे. मग म्हणाले, "गाडी डेपोतून निघतानाच पंक्चर झाली तर चार्ट काय करणार?" त्यांचं बरोबरच होतं. बुलपेनचा हिशोब उपयोगाचा कधी, तर सामना सातव्या इनिंगपर्यंत अटीतटीचा राहिला तर. पुढचे दोन्ही कब्जने घेतले, शेवटचा ५-४. त्या ५-४ ला त्यांनी चष्मा पुसून पानावर बरोबरची खूण केली.

ती पानं अजून फ्रिजवर आहेत. मी तरी आता मालिकेआधी आधी हेच बघते, गेल्या तीन दिवसांत शेजाऱ्याचे कोण कोण दमलेत.

शॉम्बर्गचा जुना

अण्णांना नमस्कार सांगा. मला एवढंच वाटतं की आपण समोरच्याला जोखतो, पण त्यांच्याकडे आपलंच काय गेलंय ते विसरतो.

२०१७ साली कब्जने सॉक्सकडून पिचर होसे किंताना घेतला आणि बदल्यात एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीज ही पोरं दिली. दोघंही तेव्हा मुख्य लीगमध्ये आलेलीच नव्हती. मी टाळ्या वाजवल्या. आपण गेल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलोय, हातातला पिचर महत्त्वाचा, पोरं काय, येतील आणखी. १८ जून २०१९, रिग्ली, मी मुलीला घेऊन गेलेलो. नववी इनिंग, १-१. हिमेनेझ आला. त्याची बॅट तुटली. तुटलेली मी डोळ्यांनी बघितली, आणि मनात म्हणालो चला, सुटलो. चेंडू कुंपणापलीकडे. ३-१. मुलगी विचारते, "बाबा, बॅट तुटली तरी होमरन देतात?" काय सांगणार!

उलटंही झालंय म्हणा. सॅमी सोसा १९९२ पर्यंत सॉक्सचा होता, मग कब्जकडे येऊन गाजला.

आणखी एक, नव्या लोकांना माहीत नसेल. २०२१ पर्यंत (२०२० सोडून) रिग्लीत पिचरलाच बॅटिंग करावी लागायची, त्याच्या जागी कायमचा दुसरा फलंदाज नाही. सॉक्स वेगळ्या लीगमधले, तिथे मात्र तशी सोय होती. म्हणजे ते उत्तरेला आले की त्यांच्या जिम थोमीसारख्या फक्त फलंदाजी करणाऱ्या गड्यावर बाकावर बसायची पाळी. तेव्हा जोखणं सोपं होतं, कुठल्या मैदानावर आहे एवढं बघायचं. आता दोन्हीकडे एकच नियम. मला जुनं बरं वाटायचं, पण मला सगळंच जुनं बरं वाटतं.

अर्व्हाइनहून

तक्त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी २०२५. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यांचे शेजारी, आमचे एंजल्स, ७२ जिंकून ९० हरले, आपल्या गटात शेवटचे. आपसातले सामने सहा. एंजल्स ६-०. शोहेई ओहतानी २०२३ पर्यंत आमचा होता, आता त्यांचा. ऑगस्टमध्ये त्याच्याच एका फटक्यावर आमच्या पोरांनी ट्रिपल प्ले केला, एका चेंडूत तिघं बाद. दिवाणखान्यात मी एकटा नाचत होतो, बायको आणि दोन्ही मुलं डॉजर्सची आहेत. त्या सहापैकी एकाही सामन्याआधी मी जिंकू असं म्हटलं नव्हतं. म्हणजे माझा अनुभव एवढाच की सहाच्या सहा वेळा चुकलो.

एडिसन, न्यू जर्सी

मी न्यूयॉर्कच्या यांकीजचा. फलंदाज हुआन सोटो आम्हाला सोडून शेजारच्या मेट्सकडे गेला, १५ वर्षं, ७६५ दशलक्ष डॉलर. मे २०२५ मध्ये तो पहिल्यांदा आमच्या मैदानात परत आला तेव्हा उजवीकडच्या स्टँडमधल्या लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मीही घरी सोफ्यावर पाठ फिरवली, हे लिहायला लाज वाटते. सामना आम्हीच जिंकलो, सोटोची एकही हिट नाही. मित्रांच्या ग्रुपवर "संपला" म्हणून टाकलं. रात्री स्कोअरकार्ड नीट बघितलं तर पठ्ठ्याने तीन वॉक घेतलेले, म्हणजे चार-चार वाईट चेंडू सोडून फुकटात पहिला बेस. तो चिडलाच नव्हता. वाईट चेंडू सोडत होता, नेहमीसारखा. चिडलो होतो आम्ही.

फ्रीमॉन्ट

आमच्याकडे जोखायला शेजारीच उरला नाही. ओकलंडचे एज (A's) २०२४ नंतर सॅक्रामेंटोला गेले. फ्रीमॉन्ट दोन्ही संघांच्या आवाक्यात, त्यामुळे आमच्या गल्लीत निम्मी घरं एजची हिरवी, निम्मी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची नारिंगी. १९८९ ची वर्ल्ड सिरीज ह्या दोघांत झाली, तिसऱ्या सामन्याआधी संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी भूकंप झाला. पुढे एजने ती ४-० अशी घेतली. समोरचे काका त्या भूकंपाची गोष्ट दर मालिकेआधी सांगायचे, दर वेळी त्यांच्या घरातली एक वस्तू जास्त फुटायची. आता सांगत नाहीत. गॅरेजवरचा हिरवा झेंडा त्यांनी काढलेला नाही, पण गाडी मात्र नारिंगी स्टिकरची घेतली मुलाने.

जळगावची कॅचर

शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले आहे, जिल्ह्यापर्यंत. आमच्या सरांचं जोखण्याचं शास्त्र एकच: समोरच्या संघाचा सराव बघायचा, पण बॅटिंग नाही. कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखी मागे बसणारी, दुसऱ्या बेसला चेंडू कसा फेकते ते बघायचं. एकदा शेजारच्या शाळेची कॅचर तीन वेळा उसळवून फेकताना दिसली. आम्ही ठरवलं, हिच्यावर बेस चोरायचे, म्हणजे फटका न लागताच पुढच्या बेसला पळायचं. सामन्यात तिने आमच्या पहिल्या चौघी बाद केल्या. नंतर पाणी पिताना म्हणाली, "तुम्ही कुंपणाला आलेल्या दिसलात ना."

इथे टीव्हीवर मालिकेआधीचा सराव दाखवतात तेव्हा मला ती आठवते.

कराडची सून

परत आले, कारण अण्णांना हा धागा वाचून दाखवला फोनवर. जळगावच्या ताईंचं ऐकून फार हसले. ते आता कराडलाच आहेत. इथल्या संध्याकाळच्या सात पाचच्या सामन्याला तिकडे पहाटेचे पाच पस्तीस होतात, ते त्यांना सोयीचं पडतं, दूध आणायच्या आधी दोन-तीन इनिंग होतात. उरलेलं मला विचारतात.

आज सकाळी मेसेज होता: काल आठवी इनिंग कोणी टाकली आणि किती चेंडू? मी लिहिलं, अण्णा, मी सातव्यातच झोपले.

उत्तर आलं, "मग डेपोवर कोण होतं?"