मदत हवी आहे : आईबाबांच्या घरातला दिवा पुन्हा साध्या बटणावर कसा आणू?

कोयनाकाठची | गुरुवार, रात्री १०.४०

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आईबाबा कराडला दोघेच राहतात. बाबा ७८, आई ७२. मी ठाण्याला, धाकटा भाऊ डब्लिनला. मागच्या पावसाळ्यात बाबा रात्री मोरीकडे जाताना पडले, मनगट मोडलं. दिवाळीत भाऊ तीन आठवडे आला आणि त्याने मनावर घेऊन सगळं घर 'स्मार्ट' केलं. बोर्डांच्या मागे अकरा वायफाय मॉड्यूल (फोनवरून दिवे चालू-बंद करणाऱ्या छोट्या डब्या), हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत काचेचे टच पॅनेल, पॅसेजमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर, एक बोलका स्पीकर, आणि टाकीच्या मोटरलाही वायफाय स्विच. हे सगळं त्याच्या फोनमधल्या ॲपवर, त्याच्या खात्यावर. ओटीपी जातो तो त्याच्या तिकडच्या नंबरवर.

हिवाळा बरा गेला. रात्री बाबा उठले की पॅसेजमधला दिवा आपोआप लागायचा. एप्रिलपासून मात्र कधी लागायचा, कधी नाही. मग मेमध्ये वळीव झाला, वीज कडाडली आणि राउटर जळला. नेटवाल्याने दुसऱ्या दिवशी नवा डबा बसवून दिला, त्याला नवं नाव आणि नवा पासवर्ड. तेव्हापासून ॲपमध्ये सगळी उपकरणं 'ऑफलाइन' आहेत.

टच पॅनेल हाताने चालतात, पण बाबांचा हात थरथरतो. दिवा लागतो आणि त्याच क्षणी विझतो. कधी कोरड्या बोटांना ती काच दादच देत नाही. पॅसेजच्या दिव्याला तर बटणच उरलेलं नाही. सेन्सर आहे म्हणून भावाने बटण काढून तिथे कोरी पट्टी बसवली होती. म्हणजे जिथे बाबा पडले, तिथेच महिनाभर अंधार आहे. आई उशाशी बॅटरी घेऊन झोपते. त्यात रात्री लाइट जाऊन परत आली की घरातले सगळे दिवे एकदम लागतात, अडीच वाजता, तीन वाजता. स्पीकरला मराठी कळत नाही. आई त्याच्याशी हिंदीत बोलते. बाबा म्हणतात, माझ्याच घरात मी हिंदीत दिवा का मागायचा?

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. सेन्सरसमोरून कोणी गेलं की भावाच्या फोनवर त्याची नोंद व्हायची. जानेवारीत त्याने आईला फोनवर विचारलं, "काल रात्री चार वेळा उठलीस, डॉक्टरांना दाखवलंस का?" त्याने काळजीनेच विचारलं. आई काही बोलली नाही. फेब्रुवारीत मी गेले होते. रात्री जाग आली तर आई पॅसेज सोडून स्वयंपाकघरातून, मागच्या व्हरांड्यातून फिरून मोरीकडे जात होती. व्हरांड्याला दोन पायऱ्या आहेत. मी विचारलं तर म्हणाली, "इकडून गेलं की त्याला कळत नाही."

ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

या शनिवारी मी कराडला जाते आहे. ओळखीचे इलेक्ट्रिशियन दादा येतील. आधी काय करू? सगळं उपटून टाकू, की यातलं काही ठेवण्यासारखं आहे? मला तारांमधलं फारसं कळत नाही, पण नीट सांगितलंत तर करून घेईन.

बारा_व्होल्ट | गुरुवार, रात्री ११.२५

ताई, आधी सोपं ते सांगतो. अकरा मॉड्यूल नव्याने जोडत बसू नका. भावाकडून जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड घ्या आणि नव्या डब्याला अगदी तेच द्या, स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरं धरून. मॉड्यूलना राउटर बदलल्याचं कळतही नाही, ती काही मिनिटांत स्वतःहून परत येतात.

दोन ठिकाणी अडू शकतं. अशी बहुतेक मॉड्यूल वायफायच्या फक्त २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात, तेव्हा तो पट्टा सुरू आहे ना ते बघा. दुसरं, नव्या डब्यात वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ असेल तर तो डब्ल्यूपीए२ करा. जुन्या चिपांना नवा प्रकार समजत नाही.

रात्री दिवे लागतात त्याचं कारण एक सेटिंग आहे. वीज परत आल्यावर काय करायचं हे बऱ्याच मॉड्यूलना ठरवून देता येतं : चालू, बंद किंवा आधी होतं तसं. झोपायच्या खोलीला 'बंद' द्या. राउटर आणि फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर ठेवा. घ्यायच्या आधी दोन्हींच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर वाचून घ्या.

एप्रिलपासून सेन्सर चुकतोय तो बिघडलेला नसावा. हा सेन्सर माणूस ओळखत नाही. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक सरकताना ओळखतो. उन्हाळ्यात भिंती रात्रीही तापलेल्या असतात, फरक कमी होतो, सेन्सरचा पल्ला आखूड होतो. हिवाळ्यात बसवून तपासलेली वस्तू मेमध्ये दगा देते ती अशी. म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर बटण काढणं चूक होतं.

वीजतंत्री | शुक्रवार, सकाळी ७.१०

मी इचलकरंजीत वायरिंगची कामं करतो. ताई, दिवे राहू द्या, आधी मोटर बघा. एक एचपीची मोटर चालू होतानाच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. वायफाय स्विचमधल्या छोट्या रिलेचे (विजेने चालणाऱ्या खटक्याचे) पॉइंट त्याने चिकटतात. मग ॲप 'बंद' दाखवतं आणि मोटर चालूच राहते. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा दणकट रिले, हवाच. स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, मोटरचा भार कॉन्टॅक्टरवर. टाकी भरल्यावर मोटर बंद करायचं काम टाकीतल्या फ्लोट स्विचला, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या स्विचला, द्या. त्याला नेट लागत नाही.

आता दिवे. टच पॅनेल काढून जुन्या पद्धतीची खटक्याची बटणं लावा. मॉड्यूल बोर्डाच्या मागे राहू शकतं. बहुतेकांना बाहेरच्या बटणासाठी दोन टोकं दिलेली असतात, त्यांवर एस१, एस२ असं लिहिलेलं असतं. साधं बटण तिथे जोडलं की नेट असो नसो, खटका मारला की दिवा लागतो, परत मारला की विझतो. जोडणी मॉड्यूलवरच्या नकाशाप्रमाणेच करायला सांगा. काहींच्या त्या टोकांना फेज लावली तर मॉड्यूल जागीच जळतं.

पॅसेजला मी वेगळं करीन. तिथे साधं बटण मॉड्यूलच्या रिलेला समांतर जोडायचं, त्याच फेजवरून. सेन्सरने लावला तरी दिवा लागेल, बाबांनी बटण दाबलं तरी लागेल. मॉड्यूल मेलं तरी बटण मरणार नाही. मोरीच्या बाजूलाही एक बटण द्या, जिन्याला असतं तसं टू-वे. म्हातारं माणूस परत येताना अंधारात येऊ नये.

सुमन_मिरज | शुक्रवार, दुपारी २.०५

तुमच्या आईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या, वरच्या मजल्यावर एकट्या झोपतात. आम्हीही असाच सेन्सर लावला होता आणि मी रोज सकाळी फोनवर नोंदी बघायचे. एकदा त्या म्हणाल्या, "सुमन, मी रात्री किती वेळा उठते हे तुला मोजायचं असेल तर मला आधी विचारायचंस." मला फार लागलं ते, कारण खरंच विचारलं नव्हतं.

नोंदी बंद केल्या. आता तिथे सेलवर चालणारा, जवळ गेलं की लागणारा दिवा आहे. तो कुणाला काही कळवत नाही. सकाळी दूध घेतलं की त्या मला मिस कॉल देतात. मिस कॉल आला नाही तर मी वर जाऊन बघते. ही पद्धत त्यांनीच सुचवली.

तुम्ही शनिवारी इलेक्ट्रिशियनशी बोलण्याआधी आईंशी बोला, एवढंच सांगते. व्हरांड्यातल्या त्या पायऱ्यांची मला फार भीती वाटते.

जुनी_पाटी | शुक्रवार, रात्री ९.५०

मी संगणकशास्त्र शिकवतो. या धाग्यात जे आलं आहे ते सगळं या विषयातल्या लोकांनी फार आधी हेरलेलं आहे, म्हणून लिहितो.

झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात मार्क वायझर होते. संगणक भोवतालात इतका मिसळून जावा की त्याच्याकडे लक्षच जाऊ नये, ही कल्पना त्यांनी १९९१च्या लेखात मांडली. त्यात विजेच्या मोटरचा दाखला होता : आधी आख्ख्या कारखान्याला एक इंजिन, पुढे प्रत्येक यंत्रात छोटी मोटर, आणि मग मोटर आहे हेच आपण विसरलो. मिक्सर लावताना मोटर कोण आठवतं? पण मिक्सरची मोटर कुणाच्या खात्यावर नसते. बटण आणि पातं यांच्यामध्ये डब्लिनचा फोन येत नाही.

पुढे २००१ मध्ये त्याच केंद्रातल्या कीथ एडवर्ड्स आणि रिबेका ग्रिंटर यांनी घरातल्या अशा संगणनापुढच्या सात अडचणी मांडल्या. घर कुणी ठरवून स्मार्ट बांधत नाही, ते एकेक वस्तू येत तसं होत जातं, ही एक. वेगवेगळ्यांची उपकरणं एकमेकांशी जुळवणं, ही दुसरी. घराला सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळी यंत्रणा सांभाळणारा माणूस, नसतो, ही तिसरी. माझ्या मते तुमच्या घरातलं दुखणं या तिसऱ्या अडचणीत आहे. ॲडमिनिस्ट्रेटर आहे, पण तो समुद्रापलीकडे आहे आणि घड्याळात साडेचार तास मागे आहे. सेन्सरच्या नोंदीवरून माणसाविषयी अंदाज बांधण्यातला धोकाही त्यांनी सांगितला होता. चार वेळा पॅसेजमधून गेलेलं माणूस आजारीच असतं असं नाही. आई कदाचित बाबांसाठी उठत असतील.

उपाय म्हणून दोन गोष्टी. एक, कराडच्याच मोबाइल नंबरवर घराचं खातं उघडा, त्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, आणि भाऊ व्हिडिओ कॉलवर असताना उपकरणं त्या खात्यावर घ्या. बऱ्याचदा जुन्या खात्यातून काढून परत जोडावी लागतात, तेव्हा दोन तास हाताशी ठेवा. दुसरं, पुढे काही घेतलंत तर घरातल्या घरात चालणारं घ्या. 'मॅटर' हे २०२२ मध्ये आलेलं मानक वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरातल्याच नेटवर्कवर एकमेकांशी जुळावीत यासाठी आहे, आणि होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर छोट्या संगणकावर घरातच चालतं. पण तेही कुणीतरी सांभाळावं लागतं. तुमच्याकडे तसं माणूस नसेल तर अकराची चार उपकरणं करणं जास्त बरं.

कोयनाकाठची | रविवार, संध्याकाळी ७.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

सुमनताई, तुमचं ऐकलं. शनिवारी सकाळी चहा घेताना आधी आईशीच बोलले. जुनी_पाटी सरांचा अंदाज खरा निघाला. चारपैकी दोन वेळा ती बाबांच्या अंगावरचं पांघरूण बघायला आणि पाणी द्यायला उठली होती. मग दुपारी तिनेच भावाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "बाळा, तुझ्या काळजीचं मला कळतं. पण मी रात्री कुठून कुठे जाते ते माझं मला राहू दे." तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने स्वतःच नोंदी पुसल्या. सेन्सर आता फक्त दिवा लावतो, त्याच्या फोनवर काही जात नाही.

राउटरला जुनं नाव आणि जुना पासवर्ड दिला, सुरक्षा डब्ल्यूपीए२ केली. अकरापैकी नऊ उपकरणं आपोआप परत आली. उरलेल्या दोघांच्या मागे लागले नाही. काचेचे दोन्ही पॅनेल काढले, जुनी पांढरी बटणं माळ्यावर ठेवलेली होती तीच लावली. पॅसेजला दोन्ही टोकांना बटण दिलं. बाबांनी ते चार-पाच वेळा लावून विझवून पाहिलं. खाते बदलायचं काम अर्धं झालं आहे, भाऊ पुढच्या रविवारी परत बसणार आहे.

रात्री मी मुद्दाम जागी होते. आई पॅसेजमधून गेली.

मोटरचा वायफाय स्विच सध्या काढूनच टाकला आहे. कॉन्टॅक्टर बसवायला दादा बुधवारी येतील. वीजतंत्री दादा, फ्लोट स्विच घेताना काय बघायचं? टाकी गच्चीवर आहे, हजार लिटरची, आणि मोटर खाली परसात. तार साधारण चाळीस फूट ओढावी लागेल.